आमदार कार्यालयाचा लसीकरण संदेश: सेवा म्हणून कितपत कामाचा?

२०२१ मध्ये महाराष्ट्रात संध्याकाळ झाली की मतदारसंघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमदार कार्यालयाचा संदेश येई. आज करोनाचे किती रुग्ण, उद्या त्याची लस कुठे, कोणाला. हे परीक्षण त्या संदेशाचं आहे, कुठल्या एका आमदाराचं किंवा पक्षाचं नाही. कसोटी साधी ठेवली आहे: हा संदेश वाचून सकाळी घराबाहेर पडलेला माणूस दंडावर लस घेऊन परत आला का?

या कसोटीवर ही सेवा पाचपैकी तीन गुणांची. आरोग्य केंद्राशी रोज बोलून संदेश काढणारी कार्यालयं पाचपैकी पाच मिळवतील, आणि फोटो मोठा, मजकूर छोटा अशी पत्रकं एकावर अडकतील.

चांगल्या संदेशाची एक ओळ कशी असते ते आधी पाहा. नमुन्यादाखल: "मंगळवार, ६ जुलै. महापालिका शाळा, तळमजला, मागचं फाटक. कोविशिल्ड, २०० डोस. दुसरा डोस १२० (१३ एप्रिल किंवा त्याआधी पहिला घेतलेले), पहिला डोस ८०, वय १८ च्या पुढे. ऑनलाइन वेळ घेतलेले १००, थेट येणारे १००. टोकन सकाळी ८ वाजता, लस १० ते ५. विनामूल्य." एवढ्यात सगळं आलं. यातला एक तपशील जरी गळला तरी रांगेत वाद ठरलेला.

सर्वांत जास्त गोंधळ "दुसरा डोस उपलब्ध" या तीन शब्दांनी केला. कोविशिल्ड लसीच्या दोन डोसांमधलं अंतर सुरुवातीला ४ ते ६ आठवडे होतं, २२ मार्च २०२१ ला ते ८ आठवड्यांपर्यंत वाढलं आणि १३ मे ला १२ ते १६ आठवड्यांवर गेलं. कोव्हॅक्सिन या दुसऱ्या लसीचं मात्र २८ दिवसांनंतर, ४ ते ६ आठवड्यांचंच राहिलं. मे-जूनमध्ये लसीचं नाव न घालता गेलेल्या संदेशामुळे पंचेचाळिसाव्या-पन्नासाव्या दिवशी ज्येष्ठ मंडळी केंद्रावर आली, आणि ८४ दिवस (१२ आठवडे) भरल्याशिवाय कोविन, म्हणजे लसीकरणाच्या नोंदणीचं सरकारी संकेतस्थळ, कोविशिल्डच्या दुसऱ्या डोसची नोंद घेत नव्हतं. तिथे बसलेल्या परिचारिकेच्या हातात यात काहीच नव्हतं, तरी बोलणी तिनेच खाल्ली. म्हणून "८४ दिवस पूर्ण" असं लिहिण्यापेक्षा तारीख लिहावी. १० एप्रिलला पहिला डोस घेतलेल्याचे ८४ दिवस ३ जुलैला भरतात. हे गणित सत्तर वर्षांच्या माणसाने पहाटे रिक्षात बसून करायचं नसतं, ते कार्यालयाने करून द्यायचं असतं. अंतर वाढण्याआधी ऑनलाइन घेतलेल्या वेळा रद्द होणार नाहीत, असं केंद्र सरकारने सांगितलं होतं, पण तो खुलासा फार थोड्या संदेशांत पोचला. परदेशी शिक्षणाला किंवा नोकरीला निघालेल्यांना जून २०२१ पासून कोविशिल्डचा दुसरा डोस २८ दिवसांनंतर घेता येत होता, प्रमाणपत्र पासपोर्टला जोडून. पुण्या-मुंबईच्या शेकडो घरांना ही माहिती हवी होती. ज्यांनी ती वेळेवर दिली त्यांचं कौतुक करायलाच हवं.

आता डोसच्या आकड्याकडे या. कोविशिल्डच्या एका कुपीत १० मात्रा म्हणजे डोस, प्रत्येकी ०.५ मिलिलिटर. कोव्हॅक्सिनच्या सुरुवातीला २० मात्रांच्या कुप्याही आल्या होत्या. कुपी उघडली की ४ तासांत संपवायची, नाहीतर उरलेलं टाकून द्यायचं. त्यामुळे दुपारी सात माणसं असली तर कर्मचारी उरलेल्या तिघांची वाट पाहतात. बाहेर बसलेल्यांना वाटतं मुद्दाम अडवलं. हे दोन वाक्यांत समजावलं की भांडणं थांबतात. याहून उपयोगी म्हणजे दुपारी साडेतीनला दुसरा छोटा संदेश: "कुपी उघडली आहे, चार जण हवेत, पाच वाजेपर्यंत." आमदार कार्यालयाचा ग्रुप हा काही मिनिटांत चार माणसं जमवू शकतो. आरोग्य केंद्राकडे असं साधन नव्हतं. या संदेशाची खरी ताकद इथे आहे, आणि ती फारच कमी वापरली गेली.

संदेशाची वेळही तपासायला हवी. लस राज्याच्या साठ्यातून विभागाकडे, तिथून जिल्ह्याकडे किंवा महापालिकेकडे आणि मग केंद्राच्या शीतपेटीत, २ ते ८ अंश सेल्सिअसला. उद्याचा कोटा वैद्यकीय अधिकाऱ्याला बऱ्याचदा रात्री उशिरा कळे. संध्याकाळी पाचला "उद्या ५०० डोस" लिहिणारा अंदाजाने लिहीत असतो. रात्री नऊनंतर, साठा हातात आल्यावर निघालेला संदेश विश्वासाचा. त्याआधी काढायचाच असेल तर "साठा आल्यास" हे शब्द घालावेत.

आणि तारीख. वरच्या ओळीत, ठळक. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण सुरू झालं आणि साठा नसल्यामुळे महाराष्ट्राने ते १२ मे पासून थांबवलं, हाती असलेली लस ४५ च्या पुढच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवली. पहिल्या आठवड्यातले "१८ वर्षांवरील सर्वांसाठी" असे बिनतारखेचे संदेश त्यानंतरही पुढे ढकलले जात राहिले. चित्राच्या रूपात पाठवलेल्या पत्रकाचं हेच होतं: मजकूर शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, दृष्टिहीनांचा फोन ते वाचून दाखवत नाही, आणि एकदा सुटलं की महिनाभर फिरतं. साधा टाइप केलेला मजकूर, वर तारीख, खाली "हा संदेश फक्त उद्यापुरता." एवढं पुरे.

नोंदणी मदत कक्षाबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण तिथे भलं करताना नुकसान झालं. कोविनवर एका मोबाइल क्रमांकावर चार जणांची नोंदणी होत असे. जानेवारी २०२२ मध्ये ती मर्यादा सहा झाली. स्मार्टफोन नसलेल्यांची नोंदणी अनेक कार्यकर्त्यांनी स्वतःच्या क्रमांकावर केली. पुढे प्रमाणपत्र काढायची वेळ आली तेव्हा ओटीपी त्या कार्यकर्त्याच्या फोनवर, आणि तो क्रमांक कोणाचा हेच आजोबांना माहीत नाही. मग दुसऱ्या डोसला केंद्रावर नव्या क्रमांकाने नवी नोंदणी झाली, आणि त्या माणसाच्या नावावर पहिल्या डोसची दोन प्रमाणपत्रं आली. कोविनच्या लेखी तो अर्धाच लसवंत. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल दोन्ही डोस होऊन १४ दिवस झालेल्यांसाठी खुली झाली तेव्हा अशा लोकांना पास मिळेना. मार्ग होता: कोविनवर लॉगिन करून तक्रार नोंदवायची, पहिल्या डोसची दोन प्रमाणपत्रं एकत्र करण्याचा पर्याय निवडायचा. नाव, जन्मवर्ष, लिंग यांतली चूकही तिथेच दुरुस्त होई, पण ती संधी एकदाच, म्हणून ओळखपत्र समोर ठेवून, अक्षर न् अक्षर जुळवून. ज्या कार्यालयांनी ऑगस्टमध्ये हे टप्पे लिहून पाठवले त्यांनी शिबिरांइतकंच मोठं काम केलं. नोंदणी नेहमी घरातल्याच कोणाच्या तरी क्रमांकावर करावी, घरात फोन नसेल तर शेजाऱ्याच्या, आणि तो क्रमांक कागदावर लिहून ओळखपत्राच्या पाकिटात ठेवावा.

ऑनलाइन वेळ घेतल्यावर मिळणारा चार अंकी सुरक्षा कोडही लोकांना नीट सांगितला गेला नाही. तो ८ मे २०२१ पासून आला, कारण वेळ घेऊन न आलेल्यांच्याही नावावर लस दिल्याची नोंद होत होती. कोड केंद्रावर लस देणाऱ्याला सांगायचा, फोनवर कोणालाच नाही. जूनमध्ये कोविन मराठीतही आलं आणि त्याच महिन्यात पूर्वनोंदणी सक्तीची नाही असं केंद्राने स्पष्ट केलं. तरीही "आधी ऑनलाइन नोंदणी आवश्यक" ही ओळ जुन्या मजकुरातून चिकटवली जात राहिली. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांना या एका शिळ्या ओळीने घरी बसवलं, आणि याचं वाईट वाटतं.

साथीच्या आकड्यांचा भाग या संदेशांतला सर्वांत कच्चा. "आज आपल्या मतदारसंघात अमुक रुग्ण" असं लिहिलेलं असे, पण विधानसभा मतदारसंघ हे आरोग्य यंत्रणेचं एकक नाही. आकडे जिल्हा, तालुका, महापालिका किंवा प्रभागानुसार येतात. मतदारसंघाची हद्द दोन प्रभाग कापत जाते, कधी दोन तालुके. म्हणजे तो आकडा एकतर बेरीज-वजाबाकी करून काढलेला किंवा शेजारच्या भागाचा धरून. शिवाय लोकांचं रोजचं जगणं त्या आकड्यावर ठरत नव्हतं. ७ जून २०२१ पासून निर्बंध पाच स्तरांवर ठरले: आठवड्याचा बाधित दर (चाचणी झालेल्यांपैकी बाधित किती टक्के) ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, दर ५ ते १० टक्के किंवा खाटा ४० टक्क्यांच्या वर असतील तर तिसरा, दर २० च्या वर किंवा खाटा ७५ टक्क्यांच्या वर असतील तर पाचवा. मोठ्या महापालिका स्वतंत्र एकक, उरलेला जिल्हा वेगळा. त्यामुळे पिंपरी-चिंचवडच्या हद्दीबाहेरच्या गावाचा स्तर शहरापेक्षा निराळा असू शकत होता. २५ जूनला राज्याने सगळीकडे किमान तिसरा स्तर लावला आणि बाधित दर फक्त आरटीपीसीआर चाचण्यांवरून धरायला सांगितला. संदेशात लिहायला हवं होतं ते हे: आपला भाग कोणत्या एककात, स्तर कितवा, दुकानं किती वाजेपर्यंत. तिसऱ्या स्तरात दुपारी चारपर्यंत, हे एक वाक्य दहा आकड्यांपेक्षा कामाचं.

खाटांच्या बाबतीत मुंबईत पालिकेच्या २४ प्रभागांच्या वॉर रूममधून वाटप होत होतं. रुग्णालयांचे दूरध्वनी देणारी लांबलचक यादी तिथे नातेवाइकांचा वेळ घालवी; आपल्या प्रभागाच्या वॉर रूमचा एकच क्रमांक जीव वाचवणारा होता.

शिबिरांविषयी सावधपणे लिहितो. २१ जून २०२१ पासून सरकारी केंद्रांवर १८ च्या पुढच्या सगळ्यांना लस मोफत होती आणि ती लस केंद्र सरकारने घेतलेली होती. "यांच्या सौजन्याने मोफत लस" या फलकाने लोकांचा समज चुकीचा होतो. मंडप, पाणी, खुर्च्या, वाहन यांचं सौजन्य जरूर लिहावं, ते खरं श्रमाचं असतं. खासगी रुग्णालयाबरोबरचं शिबिर असेल तर दर स्पष्ट हवा: तेव्हाची कमाल किंमत कोविशिल्ड ७८०, कोव्हॅक्सिन १,४१० रुपये, त्यातच १५० रुपयांपर्यंतचं सेवाशुल्क. ३० मे २०२१ ला कांदिवलीच्या एका गृहसंकुलात बनावट शिबिर झालं, तेव्हापासून शिबिराच्या सूचनेत रुग्णालयाचं नाव असणं अनिवार्य मानावं. शिबिरात गेल्यावर कुपीवरचं नाव आणि मुदत बघायला मागावी, लस दिल्यावर ३० मिनिटं बसवतात का ते पाहावं, आणि त्याच दिवशी कोविनचा एसएमएस आला नाही तर लगेच विचारावं. प्रमाणपत्रावर भलत्याच केंद्राचं नाव ही धोक्याची खूण.

कोणाला थांबायचं आहे हेही संदेशात हवं. मे २०२१ नंतरचा नियम: करोना होऊन बरे झालेल्यांनी तीन महिने थांबायचं. स्तनदा मातांना तेव्हापासून आणि गर्भवतींना २ जुलै २०२१ पासून लस खुली झाली. गर्भवतींबद्दलची ही ओळ बहुतेक पत्रकांत आलीच नाही आणि अनेक जणी ऐकीव भीतीपायी घरी राहिल्या. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी मुंबई महापालिकेने जुलैअखेरीस के पूर्व विभागापासून घरी जाऊन लस द्यायला सुरुवात केली. अशा रुग्णांची यादी करण्यासाठी पक्षाच्या कार्यकर्त्यांइतकं घरोघर ओळख असलेलं दुसरं जाळं शहरात नव्हतं.

ग्रामीण मतदारसंघांत व्हॉट्सॲपवर सगळा भार टाकणारी सेवा तोकडी पडली. तिथे चाललं ते आशाताईंना आदल्या रात्री फोन, सकाळी दवंडी किंवा घंटागाडीवरचा भोंगा, आणि उपकेंद्राच्या दारावर चिकटवलेला हाताने लिहिलेला कागद. ऑक्टोबर २०२१ च्या मिशन कवच कुंडल या लसीकरण मोहिमेत रोज १५ लाख डोसचं लक्ष्य होतं, लस भरपूर होती, आणि अडचण माणसांपर्यंत पोचण्याची होती. पेरणी-काढणीच्या दिवसांत सकाळी दहाची वेळ म्हणजे मजुरांना नकारच. संध्याकाळी सहा ते नऊचं सत्र लावून तशी सूचना देणारं कार्यालय आमच्या मते पूर्ण गुणांचं.

खबरदारीच्या (तिसऱ्या) डोसच्या वेळी तीच जुनी चूक पुन्हा झाली. १० जानेवारी २०२२ ला तो सुरू झाला तेव्हा दुसऱ्या डोसनंतर ३९ आठवड्यांचं अंतर होतं. जुलै २०२२ मध्ये ते २६ आठवड्यांवर आलं, आणि १५ जुलैपासून ७५ दिवस १८ च्या पुढच्या सगळ्यांना सरकारी केंद्रांवर तो मोफत होता. नऊ महिने आणि "खासगी केंद्रातच, पैसे भरून" असं सांगणारा एप्रिलचा मजकूर तोवर ग्रुपमध्ये वर चिकटवलेला होता. नवा संदेश पाठवण्याआधी जुना काढून टाकायला एक मिनिट लागतं.