धमन्यांचा ताठरपणा मोजणारं पेन: सहा वर्षं हातात, तीन वेळा मानेवर

गेली सहा वर्षं मी धमन्यांचा ताठरपणा मोजायचं काम करते. पलंगावर कुणीतरी आडवं झालेलं असतं आणि मी त्यांच्या मानेवर पेनासारखा टोनोमीटर टेकवून, स्क्रीनवरच्या लाटा एकसारख्या येण्याची वाट बघत वाकून उभी असते. यातल्या बऱ्याच जणी गरोदर, तब्येतीने ठणठणीत, अभ्यासासाठी आपणहून नाव दिलेल्या. यंदा मलाच दिवस गेले, तेव्हा आमच्याच अभ्यासात मीही नाव नोंदवलं. 14, 22 आणि 34व्या आठवड्यात पलंगावर मी आणि पेन सहकारणीच्या हातात. त्या तीन खेपांत या यंत्राबद्दल जे कळलं, ते सहा वर्षं उभं राहून कळलं नव्हतं.

आधी यंत्र करतं काय ते. हृदयाचा ठोका पडला की महाधमनीतून एक धक्का निघतो आणि धमनीच्या भिंतीतून पुढे पळतो. भिंत लवचिक असेल तर तो जरा रमतगमत जातो, ताठ असेल तर सुसाट. रक्त स्वतः काही इतकं धावत नाही, धावतो तो धक्का. तो मानेतल्या कॅरोटिडला कधी पोचला आणि जांघेतल्या फिमोरलला कधी, हे ईसीजीच्या ठोक्याशी ताडून बघायचं. मधलं अंतर टेपने मोजायचं, त्याला 0.8 ने गुणायचं, वेळेने भागायचं. येतो तो नाडीलहरीचा वेग. तरुण निरोगी बाईत तो साधारण 5 ते 7 मीटर प्रति सेकंद असतो. मोठ्यांच्या रक्तदाबाच्या उपचारात 10 च्या वर गेला की डॉक्टर कान टवकारतात. भिंतीचा ताठरपणा आणि लाटेचा वेग यांचं गणित मोएन्स आणि कोर्टेवेग यांनी 1878 मध्येच मांडून ठेवलंय. आपण फक्त बटणं दाबतो.

त्रास? जवळजवळ काही नाही. सुई नाही, किरण नाहीत, बाळाला धोका नाही. मानेवर पेन टेकतं तेव्हा गिळावंसं वाटतं आणि गिळलं की लाट बिघडते, एवढंच. जांघेतली नाडी शोधणं मात्र पलंगावर झोपून फार वेगळं वाटतं. सहकारणीची बोटं बर्फासारखी गार होती. मी दचकले, पोटातलं बाळही हललं, आणि स्क्रीनवरची ओळ अशी उडाली की सगळं रीडिंग पुसून पुन्हा सुरुवात. माझे हातही वर्षभर गारच असतात. सहा वर्षांत एकीनेही तोंड उघडून सांगितलं नाही, बिचाऱ्या.

खरी परीक्षा 34व्या आठवड्यात झाली. नियम असा की आधी दहा मिनिटं शांत पडून राहायचं, बोलायचं नाही, डोळाही लागू द्यायचा नाही. मी सवयीने सरळ उताणी झोपले. चार-पाच मिनिटांत कानात गुणगुण सुरू झाली, कपाळावर घाम आला, मळमळायला लागलं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी क्षणात ओळखलं असतं: वाढलेलं गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर दाबतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि रक्तदाब उतरतो. डाव्या कुशीवर वळले, दोन मिनिटांत सगळं शांत. मग उजव्या कमरेखाली उशी घालून, थोडं डावीकडे कलून, दहा मिनिटं पहिल्यापासून मोजली. विसाव्या आठवड्यानंतर हे असंच करायला हवं. यंत्राच्या पुस्तिकेतल्या चित्रात मात्र एक सपाट पोटाचा माणूस सरळ उताणा पडलेला आहे.

त्यानंतर आकडा आला 6.6. आधीचे दोन होते 5.7 आणि 5.3. मी पलंगावरूनच म्हटलं, "टेप कुठून नेलीस गं?" ती म्हणाली, "मानेपासून जांघेपर्यंत, नेहमीसारखी." नेहमीसारखी म्हणजे अंगाला चिकटवून, छातीवरून, पोटाच्या फुगीर बाजूवरून. अशी मोजली तर 66 सेंटीमीटर भरले. शेजारी दोन उभ्या पट्ट्या धरून, टेप हवेत ताणून सरळ मोजली तर 60. लाटेला लागलेला वेळ दोन्ही खेपेला तोच, 80 मिलिसेकंद. 66 ने 6.6 येतो, 60 ने 6.0. धमनी तीच, बाई तीच, नुसत्या पोटाच्या गोलाईने दहा टक्के ताठरपणा वाढला! आणि हा खोटा ताठरपणा महिन्यागणिक पोटाबरोबर वाढत जातो. तक्ता बघणाऱ्याला वाटणार, बघा, दिवस भरत आले तशा धमन्या कडक झाल्या.

शेवटच्या महिन्यांत आकडा खरोखरही थोडा वर सरकू शकतो, म्हणून तर हा घोटाळा वाईट. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, हृदय जास्त रक्त ढकलतं, आणि ते सामावून घ्यायला धमन्या सैलावतात. रक्तदाब मधल्या महिन्यांत खाली येतो आणि शेवटी शेवटी पुन्हा मूळ पदावर जातो. माझा 5.3 आणि 6.0 या गोष्टीत बरोबर बसतात. 6.6 ने उगाच झोप उडाली असती.

सॉफ्टवेअरबद्दल माझी मुख्य तक्रार इथेच आहे. ते वय विचारतं, उंची विचारतं, वजन विचारतं. कितवा आठवडा, हे विचारत नाही. मग माझा आकडा हिरव्या पट्ट्यात दाखवतं, पण तो पट्टा गरोदर नसलेल्यांचा. 66 सेंटीमीटरही त्याने मुकाट्याने गिळले. मागच्या खेपेला 60 होते, मधे बाई सहा सेंटीमीटर लांब झाली का, एवढं तरी विचारावं.

मनगटावरच्या लाटेवरून ते ऑगमेंटेशन इंडेक्सही काढतं, म्हणजे परतून आलेल्या लाटेने दाबात किती टक्के भर घातली ते. माझ्या कागदावर दोन आकडे छापून आले, 2 टक्के आणि 8 टक्के. नवख्या बाईने कोणता धरायचा? पहिला कच्चा. दुसरा, हृदयाचे ठोके मिनिटाला 75 असते तर किती आला असता, तो. माझे ठोके 88 होते, आणि ठोके वाढले की हा निर्देशांक आपोआप उतरतो. गरोदरपणात ठोके वाढतातच, म्हणून कच्च्या आकड्यावर खूश होण्यात अर्थ नाही.

दंडाला पट्टा बांधून एकट्याने होणारं दुसरं यंत्रही आमच्याकडे आहे. कौशल्य लागत नाही, जांघेत हात नाही, तीन मिनिटांत काम. पण ते वरच्या दाबाच्याही 35 मिलिमीटर वर फुगून तसंच दाबून बसतं. बोटं निळी पडतात की काय असं वाटलं. शिवाय वेग ते प्रत्यक्ष मोजत नाही, परतून आलेल्या लाटेवरून अंदाज बांधतं. लाजणारीसाठी उत्तम, पण पेनाच्या आकड्याशेजारी त्याचा आकडा ठेवून तुलना करू नका.

पेनाच्या यंत्राला माझे पाचपैकी साडेतीन. लाट सुंदर पकडतं, आणि दोन रीडिंगांत 0.5 पेक्षा जास्त फरक आला तर तिसरं घेऊन मधला आकडा धरला की भरवसा वाटतो. दीड गुण पुस्तिकेतल्या त्या सपाट पोटाच्या माणसासाठी कापला.

ही तपासणी करून घ्यावी का, असं मला मैत्रिणी विचारतात. गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या आजारात धमन्या ताठरतात, हे खरं. पण धोका ओळखायला डॉक्टर पहिल्या तिमाहीच्या शेवटी रक्तदाब, गर्भाशयाच्या धमनीचा डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि रक्ततपासणी बघतात. नाडीलहरीचा वेग अजून त्या नेहमीच्या यादीत नाही. अभ्यासासाठी कुणी बोलावलं तर जरूर जा. एका आकड्यावर मात्र रात्री जागवू नका. त्याच हाताने, त्याच यंत्रावर, दिवसाच्या त्याच वेळी घेतलेले तीन आकडे असतील तरच त्यांच्याकडे बघा.

बाळंतपणानंतर माझं चौथं रीडिंग आहे. पट्ट्या आणि टेप मी स्वतः कपाटात वेगळ्या काढून ठेवल्यात, आणि सहकारणीला सांगितलंय, येताना हात गरम करून ये.