क्लचची हवा काढायचा व्हॅक्यूम पंप : पावसाळा उलटल्यावर

गाडी जुनी डिझेल जीप, क्लच हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा; लाइनीत हवा शिरली की तो नीट सुटत नाही. हाताने दाबायचा व्हॅक्यूम पंप उन्हाळ्यात नाना पेठेतून घेतला, पावसाळाभर वापरला.

स्लेव्ह सिलिंडर (गिअरबॉक्सकडचा, तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा) नवा टाकल्यावर कोरड्या लाइनमध्ये तेल उतरवायला याच्यासारखं काही नाही. एरवी नुसतं पेडल मारून पाय दुखायचे. काळपटलेलं तेल बदलायलाही झकास.

पण नळीतल्या बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नका. निप्पल (स्लेव्हवरचा हवा काढायचा स्क्रू) सैल केला की आट्यांमधून बाहेरची हवा ओढली जाते. बुडबुडे संपत नाहीत आणि माणूस डब्यावर डबा ओतत बसतो. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली (टोकावर नको) तर कमी होतात, इतकंच. म्हणून शेवटचा हात जुन्याच पद्धतीचा: भाचा सीटवर, मी खाली, "दाब… धर…", आणि निप्पल आवळल्यावरच "सोड". क्लचच्या तेलाच्या टाकीतली पातळी मध्येच खाली गेली की पुन्हा पहिल्यापासून.

मुळात हवाच आहे का, हे पेडलला विचारावं. पेडल दोन-तीनदा मारल्यावर रिव्हर्स बिनआवाज पडला तर बहुधा हवा. सिग्नलला पेडल दाबून धरलंय, तरी गाडी पुढे सरकायला बघतेय आणि बाहेर कुठेही ओल नाही, तर मास्टर सिलिंडरचं (पेडलकडचा, तेलाला दाब देणारा) आतलं वॉशर गेलं. मग कितीही हवा काढा. पेडलच्या दांड्याशी तेल दिसलं तरी मास्टरच. स्लेव्हचं रबरी बूट उलटून ओलं निघालं, तर स्लेव्ह. गिअर अडकला की 'क्लच प्लेट गेली' म्हणून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. अहो, झिजलेली प्लेट घसरते! कात्रजच्या चढाला इंजिन ओरडतं आणि वेग वाढत नाही, ते तिचं लक्षण.

तेल कुठलं, तर टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच. डॉट ४ (ब्रेक-क्लचच्या तेलाचा एक दर्जा) नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. क्लचमध्ये मला उकळण्यापेक्षा त्या ओलाव्याने आतून चढणाऱ्या गंजाची जास्त धास्ती. उघडा राहिलेला डबा पुन्हा वापरू नये. रंगावर सांडलं तर ताबडतोब भरपूर पाणी.

पंपाची खोट एकच, ओढलेलं तेल जमा होणाऱ्या बरणीच्या झाकणाचं रबर. ते लवकर सैल झालं, व्हॅक्यूमचा काटा टिकेना. जाड रिंग बसवली तेव्हा थांबला.

ज्यांच्या गाडीत स्लेव्ह बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं आवरण) आत आहे आणि गळतोय, त्यांनी हा पंप घेऊन उपयोग नाही. तिथे गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.