डॅशबोर्डला चामडे : रत्नागिरीत एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर मी माझ्या हॅचबॅक गाडीच्या डॅशबोर्डला खरे चामडे लावून घेतले आणि त्यानंतरचा सबंध उन्हाळा व पावसाळा ही गाडी रत्नागिरीत, भाट्याच्या बाजूला, खारा वारा थेट लागेल अशा उघड्या अंगणात उभी राहिली. हे काम नवे असताना सुरेखच दिसते, त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही. ते किनाऱ्यावर टिकते का, हे मात्र मे आणि जुलै हे दोन महिने उलटल्याखेरीज कळत नाही. माझे मत आधीच नोंदवतो. चामडे योग्य जातीचे असेल, एअरबॅगचा भाग सोडून लावलेले असेल आणि पावसाळ्यात गाडी आठवडाभर बंद पडून राहणार नसेल, तर कोकणातही हा खर्च सार्थकी लागतो. या तीन अटींपैकी तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडे चामड्याला उन्हाइतकाच, किंबहुना उन्हाहून अधिक, त्रास कोंडलेल्या दमट हवेचा होतो.

मूळ डॅशबोर्ड कडक प्लास्टिकचा होता. अनेक वर्षांच्या उन्हाने त्याचा रंग उडाला होता, ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर ओरखडे होते आणि खराब रस्त्यावर मधल्या पट्टीतून सतत खडखड ऐकू येत असे. चकाकी आणणारे फवारे मारून असा डॅशबोर्ड तात्पुरता काळाभोर दिसतो, परंतु त्यांतील बहुतेक फवारे सिलिकॉनचे असतात. त्यांच्या तेलकट थरावर जांभ्याची तांबडी धूळ चिकटून बसते आणि संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून गाडी चालवताना समोरच्या काचेत डॅशबोर्डचे प्रतिबिंब उमटते. पुढे कधी चामडे लावायचे मनात असेल, तर हे फवारे आधीच बंद करावेत, कारण सिलिकॉनचा अंश राहिलेल्या पृष्ठभागावर चामडे चिकटवण्याचे कोणतेही सोल्युशन नीट धरत नाही. माझ्या कारागिराचा पहिला अर्धा दिवस केवळ हा थर धुऊन काढण्यात गेला.

कच्च्या मालाची निवड हा या कामातला सर्वांत मोठा निर्णय आहे. चामडे कमावण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे आपण कोल्हापुरी चपलांमुळे ओळखतो. ते पायात उत्तम, पण डॅशबोर्डवर गैरसोयीचे, कारण ते उन्हाने काळवंडते, पाण्याचे डाग धरते आणि ओलसर असताना तापले तर साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आक्रसू लागते. बंद गाडीतील डॅशबोर्डचा पृष्ठभाग भर उन्हात ७० अंशांच्या आसपास जाऊ शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे धोका समजतो. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले चामडे १०० अंशांच्या जवळपास तग धरते आणि मोटारींच्या आसनांसाठी ते मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. त्यावर रंगाचा व पॉलियुरेथेनचा संरक्षक थर दिलेला असेल, तर घाम आणि पाणी लगेच आत शिरत नाही. मी धारावीतील बाजारातून अशाच जातीचे, म्हशीचे, मंद काळ्या रंगाचे चामडे घेतले. ते चौरस फुटावर विकले जाते आणि पोट, मान यांकडील भाग जास्त ताणला जात असल्यामुळे पाठीकडचा भाग मागून घ्यावा लागतो. दुकानदाराने तुकडा हातात दिल्यावर तो दोन्ही हातांनी ताणून, दुमडीवर रंगाला बारीक तडे जातात का, हे उजेडात पाहून घ्यावे.

कृत्रिम चामड्याचा पर्याय मी विचारात घेतला होता. रेग्झिन म्हणून जे मिळते, त्यात पीव्हीसी आणि पीयू (पॉलियुरेथेन) असे दोन प्रकार असतात. पीयू हाताला मऊ लागते, पण त्यातील स्वस्त, पॉलिएस्टरवर आधारलेला प्रकार दमट उष्ण हवेत पाण्याच्या वाफेने हळूहळू विघटित होतो आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. कोकणातील घरांत सोफ्याची आणि बुटांची अशी दुर्दशा अनेकांनी पाहिली असेल. पीव्हीसी दमटपणाला दाद देत नाही, मात्र तापल्यावर त्यातील मृदुकारक द्रव्ये उडून काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर जमतो. देखभालीला अजिबात वेळ नसणाऱ्यांनी चांगल्या प्रतीचे पीव्हीसी घ्यावे, असे मी प्रामाणिकपणे सांगेन.

कारागिरीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण टिकाऊपणा तिथेच ठरतो. लहान गाड्यांचे डॅशबोर्ड बहुधा पॉलिप्रोपिलीनचे असतात आणि या प्लास्टिकला गोंद, सोल्युशन यांपैकी काहीही सहजासहजी चिकटत नाही. त्यामुळे पट्ट्या गाडीतून काढून पॉलिश पेपरने घासणे, प्रायमर लावणे आणि मगच उष्णता सहन करणारे सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून सुकवणे हा क्रम टाळता येत नाही. जो कारागीर पट्ट्या न काढता जागच्या जागी काम करून देतो म्हणेल, त्याच्याकडे हे काम देऊ नये. आमच्या कारागिराने वळणाच्या कडांवर चामड्याची मागची बाजू रापीने, म्हणजे चामडे तासण्याच्या धारदार पात्याने, तासून निम्म्याहून पातळ केली. तो अंगठ्याच्या पोटाने जाडी चाचपत होता, पुन्हा एक पापुद्रा काढत होता आणि कड प्लास्टिकच्या मागे बोटभर दुमडून दाबत होता. शिलाईची भोके आरीने आधीच पाडलेली होती आणि दोरा पॉलिएस्टरचा होता. सुती दोरा आपल्या हवेत कुजतो. मधल्या पट्टीखाली त्याने पातळ फोम घातला आणि तेव्हापासून तिथली खडखड थांबली आहे.

एअरबॅगविषयी मात्र तडजोड नको. भारतात पुढच्या प्रवाशासाठीची एअरबॅग नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०२१ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलांना त्याच वर्षाच्या अखेरपासून सक्तीची झाली, त्यामुळे अलीकडच्या कोणत्याही गाडीत ती डावीकडच्या डॅशबोर्डखाली असणारच. ती सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत फुगते आणि तिच्यावरचे झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटावे, म्हणून प्लास्टिक आतून पातळ केलेले असते; ही रेषा पुष्कळ गाड्यांत वरून दिसतही नाही. कारखान्यातून चामड्यासह येणाऱ्या डॅशबोर्डांत त्या जागी मुद्दाम कमकुवत केलेली शिलाई असते आणि तिची चाचणी घेतलेली असते. आपल्या गावातील दुकानात तशी चाचणी शक्य नाही. मी काही विचारण्याआधीच कारागीर म्हणाला, “भाऊ, हा वरचा भाग मी झाकणार नाही, तुम्ही दुप्पट पैसे दिलेत तरी.” त्या एका वाक्यामुळे माझा त्याच्यावर विश्वास बसला. शिवाय त्याने काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची तार काढून गाडी बराच वेळ तशीच ठेवली, म्हणजे एअरबॅगच्या यंत्रणेतील साठलेली वीज उतरते. परिणामी माझ्या गाडीत चालकासमोरचा माथा, मधली पट्टी, गुडघ्यांसमोरचा भाग आणि ग्लोव्ह बॉक्सचे झाकण एवढेच चामड्याचे आहे. डावीकडचा माथा मूळ प्लास्टिकचाच आहे. रंग जुळवून घेतल्यामुळे हा फरक नजरेला खटकत नाही.

उन्हाळ्याचा अनुभव असा. चामडे उन्हात प्लास्टिकपेक्षा थंड राहते, असे सांगितले जाते, ते गडद रंगाबाबत खरे नाही. मे महिन्याच्या दुपारी त्यावर हात टेकवत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपली हवा दमट असली, तरी बंद गाडीतली हवा दुपारी कमालीची कोरडी होते. बाहेरची ३० अंशांची, ७५ टक्के आर्द्रतेची हवा आत कोंडून ६० अंशांपर्यंत तापली आणि तिच्यात नवी वाफ मिसळली नाही, तर तिची सापेक्ष आर्द्रता जेमतेम १६ टक्के उरते. रात्री काचांवर दव धरेपर्यंत ती पुन्हा चढते. म्हणजे चामडे रोज सुकते आणि रोज ओल शोषते, रोज किंचित आकसते आणि सैल पडते, आणि हा ताण जिथे कड सर्वांत अरुंद आहे तिथे दिसून येतो. माझ्या गाडीत मधल्या एसी व्हेंटच्या खालच्या कोपऱ्यात मेच्या अखेरीस नख शिरेल इतकी कड सुटली. कारागिराने हीट गनने हलकी ऊब देऊन ती पुन्हा बसवली आणि पैसे घेतले नाहीत. बाकी कुठेही सुरकुती किंवा तडा नाही. काचेवर दाट काळी फिल्म लावण्याचा मार्ग नियमांमुळे बंद आहे, कारण पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. त्यामुळे गाडी उभी करताना पुढच्या काचेला चंदेरी पडदा लावणे, एवढेच आपल्या हाती राहते. मी तो न चुकता लावतो.

पावसाळ्याने खरी परीक्षा घेतली. रत्नागिरीत वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात आणि हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मिठाला पाणी सुटू लागते. आषाढात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीचे जे होते, तेच अतिशय लहान प्रमाणात चामड्याच्या दाण्यांमध्ये, म्हणजे पृष्ठभागावरच्या बारीक खाचांमध्ये, होते. जूनच्या मध्यापासून पृष्ठभाग सकाळी हाताला किंचित चिकट लागू लागला. जुलैत संततधार लागली असताना गाडी काही दिवस जागेवरून हलली नाही आणि दार उघडले तेव्हा ग्लोव्ह बॉक्सवरच्या शिलाईच्या दोन्ही बाजूंना राखाडी-पांढरे, मोहरीएवढे ठिपके उठलेले होते. मोकळ्या सपाट भागावर एकही ठिपका नव्हता. टाक्यांच्या भोकांतून ओल आत उतरते, तिथेच बोटांचा घाम आणि धूळ साठते, आणि बुरशीला तेवढे पुरते.

ते ठिपके गाडीतच कोरडे झटकले असते, तर बुरशीचे बीजाणू एसीच्या मार्गात गेले असते. म्हणून झाकण काढून पडवीत आणले, सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने टिपले, मग साध्या ओल्या फडक्याने साबण काढला आणि पंख्याखाली सावलीत वाळवले. डाग राहिला नाही. त्यानंतर मी पावसाळ्यासाठी एक शिस्त ठरवली आणि ती आजतागायत पाळतो: गाडी वापरायची नसली, तरी दर दोन-तीन दिवसांनी ती सुरू करून एसी चालवायचा, कारण एसी हवेतील ओल खेचून पाण्याच्या रूपाने बाहेर टाकतो, ओल्या छत्र्या आणि पायपुसणी आत ठेवायची नाहीत, आणि आठवड्यातून एकदा सगळे चामडे प्रथम ओलसर, लगेच कोरड्या फडक्याने पुसायचे, म्हणजे मीठ निघून जाते. सिलिका जेलच्या पिशव्या दाराच्या कप्प्यात ठेवल्या आहेत, त्या ओल पिऊन रंग बदलतात आणि तापवून पुन्हा वापरता येतात. या क्रमानंतर ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये बुरशी दिसली नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. आपल्याकडे चामड्याच्या कोणत्याही वस्तूला खोबरेल लावण्याची सवय आहे. रंगाचा थर असलेल्या चामड्यात तेल मुरत नाही, ते वरच राहते, धूळ धरते आणि पावसात बुरशीचे खाद्य बनते. बुटांचे पॉलिशही तितकेच अपायकारक. वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, पाण्यावर आधारलेले लेदर क्लीनर आणि त्याच जातीचे संरक्षक द्रव्य पुरेसे आहे.

आंब्याच्या दिवसांत ताज्या तोडीच्या हापूसचा चीक लागलेले हात ग्लोव्ह बॉक्सला लागतात. चीक आम्लधर्मी असतो आणि वाळला तर रंगाचा थर खातो, म्हणून तो त्याच क्षणी पुसावा. डॅशबोर्डवर गणपतीची मूर्ती दुहेरी चिकटपट्टीने बसवणाऱ्यांनी ती प्लास्टिकच्या भागावर बसवावी. चामड्यावरून पट्टी काढताना रंग निघून येतो.

खर्चाचा मोठा भाग चामड्याचा नसून मजुरीचा होता आणि तो तसाच असायला हवा. काम नोव्हेंबर ते जानेवारी या काळात करून घ्यावे. सोल्युशनमधील द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेत त्यावर ओल धरून जोड कच्चा राहतो, त्यामुळे पावसाळ्यात सुरू केलेले काम पहिल्याच उन्हाळ्यात सुटण्याची शक्यता अधिक. उरलेल्या चामड्याचा निदान वीतभर तुकडा कारागिराकडून आठवणीने मागून घ्यावा आणि तो रंगाची बाजू बाहेर ठेवून, सैल गुंडाळून, घरातल्या कोरड्या कपाटात ठेवावा. पुढे एखादा कोपरा बदलावा लागला, तर त्याच रंगाचे, त्याच दाण्याचे चामडे बाजारात पुन्हा मिळेल याची खात्री नसते.