कॅनरी बेटांवरचं ‘रानटी लॅव्हेंडर’ घेताना आधी पान बघा

स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी तेनेरिफेला फिरायला जाणार असाल तर हे वाचून जा. आईच्या गुडघ्यांसाठी म्हणून मी तिथल्या आठवडी बाजारात तेलाची बाटली घेतली. 10 मिलीला 35 युरो. विक्रेता म्हणाला, हे फक्त कॅनरी बेटांवरच्या कड्यांवर उगवणारं रानटी लॅव्हेंडर, हाताने खुडलेलं. वर वाळक्या फुलांची एक जुडी फुकट दिली. मनगटावर थेंब चोळला, तर वास अगदी ओळखीचा, साबणासारखा. मी लगेच पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंबरोबर चालायला गेले. खडकाळ उतारावर एका झुडपाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, ‘मातोरिस्को’. हेच ते लॅव्हेंडर! काडीच्या टोकाला निळ्या-जांभळ्या फुलांचे फाटे फुटलेले, आणि पान पिसासारखं चिरलेलं. मला आमच्या साताऱ्याकडची घोडेघुई आठवली. पावसाळा सरताना डोंगरावर फुलते ती, तीही लॅव्हेंडरच्याच जातकुळीतली, पानही तसंच. पान चुरगळून हुंगलं. वास उग्र, औषधी. बाटलीतल्या गोड वासाचा मागमूस नाही.

खोलीवर येऊन जुडी सोडली. आत एका काडीला दोन पानं राहिली होती. सरळ, अरुंद, कुठेही न चिरलेली. मग बाटलीची मागची बाजू पाहिली. बारीक अक्षरांत ‘लव्हांडुला हायब्रिडा’. म्हणजे लॅव्हेंडिन, फ्रान्समध्ये शेतात घेतलं जाणारं संकरित पीक. कॅनरीतलं असतं तर ‘लव्हांडुला कॅनारिएन्सिस’ लिहिलं असतं. खरं नाव बाटलीवरच होतं आणि मी ते वाचलं नव्हतं, याचा फार त्रास झाला. पैशांपेक्षाही, आईला फोनवर ‘तुझ्यासाठी खास आणतेय’ म्हणून सांगून बसले होते त्याचा.

परत गेले तर विक्रेता म्हणाला, पावती दाखवा. ती मी मागितलीच नव्हती. स्पेनमध्ये गिऱ्हाइकाने मागितला तर तक्रारीचा छापील फॉर्म द्यावाच लागतो. त्याला ‘ओहा दे रेक्लामासिओनेस’ म्हणतात. हे मला मुक्कामी परतल्यावर कळलं, तुम्ही आधीच लक्षात ठेवा. पावती घ्या, मागचं लॅटिन नाव वाचा. जुडी असेल तर फुलं बाजूला सारून पान शोधा. आणि गुडघेदुखी जाते असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिथून सरळ निघा.

ते झुडूप मात्र उपटून आणू नका. प्रत्येक मोठ्या बेटावर त्याची वेगळी उपजात आहे, आणि ती त्याच खडकांवर राहायला हवी.