स्वतःचा लोगो: पूर्ण नाव घ्यावं की आद्याक्षरं?

फोटोग्राफी, मेहंदी, तबल्याचे क्लास, घरगुती केक. काम स्वतःच्या नावावर चालत असेल तर लोगो करण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: पूर्ण नाव सुलेखनात घ्यायचं की आद्याक्षरांचा मोनोग्राम करायचा? कॅमेरा किंवा कपकेकचं चित्र हा तिसरा मार्ग आहे, पण ते त्या धंद्यातल्या प्रत्येकाकडे असतं. तो सोडा.

मोनोग्रामची सोय खरी आहे. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्रामचा डीपी गोल असतो आणि त्यात दोन अक्षरं ठसठशीत बसतात. वॉटरमार्क, रबरी शिक्का, टी-शर्टवरची एम्ब्रॉयडरी यांनाही तोच बरा. पण देवनागरीत एक गोम आहे. दोन आद्याक्षरं एका शिरोरेघेखाली आली की त्यांचा शब्द होतो: भ आणि य मिळून ‘भय’, र आणि ड मिळून ‘रड’. अशा वेळी रेघ तोडावी, नाहीतर अक्षरं एकात एक बसवावीत. चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने पाचशे वर्षांपूर्वी मोठ्या ‘ए’च्या दोन पायांमध्ये ‘डी’ बसवला होता, तसं.

तरीही माझं मत पूर्ण नावालाच. शिफारस करताना लोक नाव सांगतात, आकार नाही. शिवाय अक्षरांतून स्वभाव दिसतो. कमल शेडगे यांच्या हातची नाटकांची शीर्षकं आठवून पाहा. अडचण येते लहान आकारात. ‘श्रद्धा’ डीपीएवढं केलं की ‘द्ध’ बुजून काळा ठिपका उरतो, म्हणून जोडाक्षरांच्या पोकळ्या मोकळ्या ठेवायला सांगा. नाव फारच लांब असेल तर डीपीपुरतं त्याच वळणाचं पहिलं अक्षर वापरा.

बजेट कमी असेल तर ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’, ‘बलू’ हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत आणि लोगोला चालतात. फक्त अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. कॅनव्हाच्या तयार टेम्प्लेटवरचा लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही, हेही लक्षात असू द्या. सुलेखनकाराकडून करून घेतलात तर एसव्हीजी फाइल (कितीही मोठी केली तरी कडा न फुटणारी) मागा आणि कॉपीराइट तुमच्या नावे केल्याचं लेखी घ्या. नुसते पैसे दिल्याने तो आपोआप तुमचा होईलच असं नाही. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज व्यक्तीला एका वर्गासाठी (म्हणजे माल किंवा सेवेच्या एका प्रकारासाठी) 4,500 रुपयांत करता येतो.