घरच्या घरी एचआयआयटी: तबाता, फोर बाय फोर की ईमॉम?

नवख्याला एचआयआयटीचा, म्हणजे थोडा वेळ पूर्ण जोर आणि मधे थोडी विश्रांती अशा व्यायामाचा, कुठलाही प्रकार चालतो, कारण काहीही केलं तरी त्याला धाप लागते. मुरलेल्या माणसाची घरची अडचण वेगळी असते: मांड्या भरून येतात, खांदे जळतात, पण दम म्हणावा तसा लागत नाही. म्हणून किती मिनिटं मोकळी आहेत यापेक्षा घरात साधन कोणतं आहे, हे बघून प्रकार निवडावा असं माझं मत आहे.

सगळ्यात गाजलेला प्रकार तबाता. २० सेकंद जोर, १० सेकंद थांबा, ८ फेऱ्या, ४ मिनिटांत काम तमाम. इझुमी तबाता आणि सहकाऱ्यांचा मूळ अभ्यास १९९६ चा. तो झाला व्यायामाच्या सायकलवर, आणि जोर ठेवला होता व्हीओटू मॅक्सच्या (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्याचं माप) साधारण १७० टक्के. सात-आठ फेऱ्यांत माणूस पार गळून जावा, अशीच ती आखणी होती. ठरलेला पेडलचा वेग राखता आला नाही की तिथेच थांबवायचं. ६ आठवड्यांनी व्हीओटू मॅक्स वाढलाच, शिवाय ऑक्सिजनविना जोर लावण्याची क्षमता २८ टक्क्यांनी वाढली.

आता हेच बर्पीवर (जमिनीवर छाती टेकवून उठायचं आणि उडी मारायची) करून बघा. पाचव्या फेरीपर्यंत छाती जमिनीला टेकायची बंद होते, कंबर खाली झुकते आणि उडी चवड्यांवर न येता धपकन टाचांवर येते. हृदयाचा कस लागायच्या आधीच खांद्यांनी हात टेकलेले असतात. सायकलवर सगळा जोर पेडलवर जातो. इथे निम्मा वेळ खाली बसण्या-उठण्यातच जातो. अशी ४ मिनिटं वाईट नाहीत, घाम निघतो, पण १९९६ च्या निकालांची अपेक्षा त्यातून ठेवू नये. पेडलला चांगला विरोध देणारी व्यायामाची सायकल किंवा रोइंग मशीन घरात असेल, तर मात्र कमी वेळात याला तोड नाही.

फोर बाय फोर नॉर्वेतून आलेला. ४ मिनिटं हृदयाच्या कमाल ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्क्यांवर, मग ३ मिनिटं ७० टक्क्यांच्या आसपास हलती विश्रांती, अशा ४ फेऱ्या. २००७ च्या अभ्यासात आठवड्याला ३ दिवस याप्रमाणे ८ आठवडे हे धावून केलं, तेव्हा व्हीओटू मॅक्स सुमारे ७ टक्क्यांनी वाढला. एकूण तेवढंच काम संथ लयीत करणाऱ्या गटात तशी वाढ दिसली नाही. वॉर्मअप धरून ३५-४० मिनिटं जातात, हा त्याचा एकमेव मोठा तोटा. बाकी घरासाठी हा सोयीचा आहे, कारण साधनाला तो फार नखरे करत नाही: दोरीवरच्या उड्या, उंच स्टेप, जिना, काहीही चालतं. फक्त सुरुवात जपून करा. पहिलं मिनिट फसवं असतं, सोपं वाटतं. ठोके मागाहून चढतात, त्यामुळे घड्याळाकडे बघून वेग वाढवला की तिसऱ्या मिनिटाला फजिती ठरलेली. त्या मिनिटाला दोन-तीन शब्दांपुढे बोलता येत नसेल, तर वेग बरोबर आहे.

ठोक्यांचाच विषय निघालाय म्हणून सांगतो: तबाताच्या २० सेकंदांत मनगटावरच्या घड्याळाचा आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो. तो मागे पडतो. तिथे रेप्स, म्हणजे एकच हालचाल किती वेळा झाली ते, मोजाव्यात.

ईमॉममध्ये (एव्हरी मिनिट ऑन द मिनिट) दर नवं मिनिट सुरू होताच ठरलेल्या रेप्स सुरू करायच्या; त्या संपल्या की मिनिटातला उरलेला वेळ तुमचा. केटलबेल (मूठ असलेलं गोल लोखंडी वजन) असेल तर १५ स्विंग, म्हणजे ती पायांमधून पुढे झुलवणं, १२ ते १५ मिनिटं. पाय आपटत नाहीत, खालच्या मजल्यावरून तक्रार येत नाही, आणि ताकदीचं काम चालू ठेवणाऱ्यांना हा सगळ्यात जवळचा वाटतो. पण हृदयाचा कस फोर बाय फोरइतका लागत नाही. शिवाय फसवणुकीला वाव आहे: वजन हलकं घेतलं की ४० सेकंद आराम मिळतो आणि एचआयआयटी नावालाच उरतं.

दम वाढवायचा असेल आणि मशीन नसेल, तर मी डोळे मिटून फोर बाय फोर घेईन. गुडघे कुरकुरत असतील तर दोरी सोडून स्टेपवर. वजनं हीच मुख्य आवड असेल तर ईमॉम. तबाता सायकलवाल्यांनी करावा. तिन्ही एकाच आठवड्यात कोंबू नयेत. खरा जोर लावला तर दोन दिवस, फार तर तीन, पुरेसे होतात. पायांच्या जड सेटच्या आदल्या दिवशी यातलं काहीच नको.

निवड जमली की नाही, हे दोन-तीन आठवड्यांत वहीतून कळतं. तबाता किंवा ईमॉम असेल तर प्रत्येक फेरीच्या रेप्स, फोर बाय फोर असेल तर प्रत्येक फेरीच्या चौथ्या मिनिटाचे ठोके लिहा. पहिल्या फेरीत १२ आणि शेवटच्या फेरीत ७ रेप्स पडत असतील, तर सुरुवात जास्त जोरात होते आहे. शेवटच्या फेरीतही १२ निघून वर गप्पा मारता येत असतील, तर वजन वाढवा.