पीएनआर खरा होता, तिकीट नव्हतं

आई-बाबा अमेरिकेत आले होते. न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला धाकट्या बहिणीकडे जायचं होतं. सहा तासांचा प्रवास, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हटलं, एकदा फर्स्ट क्लासने पाठवू. देशांतर्गत विमानात फर्स्ट क्लास म्हणजे बहुतेक ठिकाणी जरा रुंद खुर्ची, एवढंच. पण या मार्गावर काही विमानांत पाठ पूर्ण टेकवून झोपता येईल अशा सीट असतात. मला तीच हवी होती, आणि तिचे भाव बघून मी गप्प बसलो होतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक नंबर टाकला. माइल्सवर, म्हणजे विमान कंपनीच्या बक्षीस पॉइंटांवर, स्वस्तात तिकीट काढून देतो म्हणे. माणूस मराठीच, बोलणं लोण्यासारखं. दोघांचे मिळून अकराशे डॉलर. मी कां-कू करतोय हे बघून तोच म्हणाला, "दादा, आधी पैसे देऊच नका. आधी पीएनआर बघा, खात्री करा, मग द्या."

मी फसलो तो या एका वाक्याने. तासाभरात सहा अक्षरी पीएनआर आला. एअरलाइनच्या साइटवर टाकला, तर आईबाबांची नावं स्पेलिंगसकट बरोबर, सीट शेजारी शेजारी. तिकीट नंबरसुद्धा होता, तेरा आकडी. यापेक्षा जास्त खात्री ती काय करायची? बँकेच्या ॲपमधून थेट पैसे पाठवले. क्रेडिट कार्ड त्याला चालत नव्हतं, "चार्जेस लागतात" म्हणाला. तिथेच थांबायला हवं होतं. पण स्वस्ताईपुढे शहाणपण चालत नाही, निदान माझं तरी चाललं नाही.

प्रवासाच्या आदल्या दिवशी ऑनलाइन चेक-इन करायला गेलो तर बुकिंग उघडेना. त्याचं उत्तर तयार होतं: "फर्स्ट क्लासला काउंटरवरच करतात." फर्स्ट क्लासचा अनुभव कुणाला होता! मानलं.

न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी दोनदा पीएनआर टाईप केला, मग न बोलता स्क्रीन माझ्याकडे वळवली. बुकिंग तीन आठवड्यांपूर्वीचं. रद्द केल्याची तारीख दुसऱ्याच दिवसाची. मागे बाबा हातात काठी धरून ट्रॉलीला टेकून उभे होते आणि आई विचारत होती, "काय झालं रे?"

मग त्या बाईंनीच उलगडून सांगितलं. अमेरिकेत नियम आहे: प्रवासाला सात किंवा जास्त दिवस असताना एअरलाइनकडून थेट तिकीट काढलं, तर कंपनीने एकतर चोवीस तासांत पूर्ण परताव्यासह ते रद्द करू द्यायचं किंवा पैसे न घेता तेवढा वेळ राखून ठेवायचं. ग्राहकाच्या सोयीचा नियम. या पठ्ठ्याने खरंखुरं तिकीट काढलं, मला दाखवलं, माझे पैसे घेतले आणि मुदत संपायच्या आत रद्द करून स्वतःचे परत मिळवले. माइल्सबिल्स काही नव्हतं. बुकिंगमध्ये ईमेल आणि फोन त्याचा, त्यामुळे रद्द झाल्याची सूचना मला येणारच नव्हती. आणि पैसे दिल्यावर मी एकदाही पुन्हा उघडून बघितलं नव्हतं.

बँकेने हात वर केले: पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. क्रेडिट कार्डाने दिले असते तर कार्डाच्या बिलांबाबतच्या 1974 च्या कायद्याखाली, बिल आल्यापासून साठ दिवसांत लेखी हरकत घेता आली असती. एफटीसीकडे, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेकडे, आणि एफबीआयच्या सायबर तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवली आहे. त्याचा नंबर त्या दुपारपासून बंद.

कुणी दुसऱ्याने काढून दिलेलं तिकीट घेणारच असाल तर पीएनआर चोवीस तास उलटल्यावर पुन्हा बघा, आणि एअरलाइनला स्वतः फोन करून तिकीट चालू आहे का ते विचारा. बुकिंगमध्ये तुमचा ईमेल घालायला तो तयार नसेल, तर उठा तिथून.

त्या दिवशी संध्याकाळच्या विमानात मागच्या रांगेत दोन सीट मिळाल्या, दोन्ही मधल्या. बाबांच्या शेजारच्या मुलाने गुडघा बघून त्यांना कडेची जागा दिली. फोनवर बाबा त्याच मुलाबद्दल बोलत राहिले. अकराशे डॉलरचा विषय त्यांनी अजून काढलेला नाही.